हरवलेल्या सामानाची खिडकी

नांदेड, २० नोव्हेंबर २०२३

प्रति,
प्रवासी सूचना कक्ष,
विमानतळ नूतनीकरण प्रकल्प, बेंगळुरू

विषय : नांदेडच्या विमानतळाविषयी प्रवाशाचं मत

महोदय,

पेपरात तुमची जाहिरात वाचली. जुन्या इमारतीचं नूतनीकरण करायचं आहे, प्रवाशांनी आपली मतं मोकळेपणानं कळवावीत, असं तुम्ही म्हणता. खाली प्रकल्पप्रमुखांचा फोटोही आहे. फोटो बरा आलाय. कोट मात्र खांद्यात ढगळ आहे, कुणी निवडला कोण जाणे.

मी नांदेडात खानावळ चालवते. विमानात बसायचा योग क्वचितच, पण सोडायला-आणायला पुष्कळदा आलेय, तेव्हा मत द्यायचा मला हक्क आहे असं समजते.

इमारत लहान आहे. त्यात तिचा दोष नाही, बांधली तेव्हा एवढी माणसं उडतील असं कुणाला वाटलं होतं? कामाला आहेत ती माणसं चांगली आहेत. त्यांना बदलू नका, भिंती काय बदलायच्या त्या बदला.

माझी सूचना एकच. तपासणी होते तिथं थोडी जागा करा. एखाद्या म्हाताऱ्या बाईला गळ्यातलं काढून ट्रेमध्ये ठेवायचं नसेल, तर तिला बाजूला घटकाभर उभं राहता यावं. मागच्या उन्हाळ्यात अशी एक म्हातारी होती. गळ्यात चांदीची डबी, डबीत लिंगायतांचं इष्टलिंग. तपासणीवाली पोरगी समजूतदार होती. ती म्हणाली, "आज्जी, पडद्याआड या. गळ्यातच राहू द्या, मी बघून घेते." पण म्हातारीच्या मुलालाच घाई. त्याचे साहेब मागं उभे होते आणि आईचा तमाशा बघून राहिले होते, असं त्याला वाटलं. त्यानं स्वतःच्या हातानं तिच्या डोक्यावरून दोरा काढला आणि डबी ट्रेमध्ये टाकली.

अशा मुलांसाठी नव्या इमारतीत काय सोय करणार आहात, ते कळवावं.

आपली विश्वासू,
शिवकन्या मल्लिनाथ

(प्रकल्पप्रमुखांची सख्खी मोठी बहीण. ते माझा फोन उचलत नाहीत म्हणून जाहिरातीतल्या पत्त्यावर.)


नांदेड, ३ डिसेंबर २०२३

महांतेश,

तुझा फोन आला. किती महिन्यांनी! स्क्रीनवर तुझं नाव बघून हात पिठाचे तसेच कानाला लावले. म्हटलं, सुचलं बाबा पोराला. आणि तू काय म्हणालास? "अक्का, ऑफिसच्या पत्त्यावर असलं काही लिहीत जाऊ नको, तिथं सगळे वाचतात." अव्वा कशी आहे, एवढं सुद्धा विचारलं नाहीस. म्हणून आता हे घरच्या पत्त्यावर, पाकिटावर 'खाजगी' लिहून. फोनवर बोलले असते, पण तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवून देतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही. फाडशील, पण फाडायच्या आधी वाचशील.

अव्वा जेवत नाही.

दूध घेते. केळं घेते, कधी पपईची फोड. अर्धापूरच्या केळ्यांची गाडी आमच्या गल्लीत येते, त्या केळ्यांवर आपली आई जगून राहिली. गावोगावची पोरं माझ्या हातचं जेवून तृप्त होतात आणि माझ्याच घरात माझी आई भाकरीला शिवत नाही. पोरं विचारतात, "काकू, आज्जीला कसला उपास?" मी म्हणते, सोमवार. रोज सोमवार असतो का रे? पण पोरं बिचारी मान हलवून जेवतात.

तुझ्याकडून डोळ्याचं ऑपरेशन करून आली तेव्हापासून हे चाललंय. नांदेडचे डॉक्टर झाले, लातूरचे झाले. पोटात काही नाही म्हणतात. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी करंज्या तळत होते. तिच्यापुढं बशी ठेवली, तिनं ती हातानं सरकवली, आणि मला रडूच फुटलं. तेव्हा ती बोलली. दार लावून घे म्हणाली, आणि बोलली.

"शिवे, हे गळ्यातलं लिंग माझं न्हाई."

मग सगळं सांगितलं. विमानतळावर तू डबी ट्रेमध्ये टाकलीस, पलीकडून लॅपटॉप उचललास, साहेबांच्या मागं पळालास. तिनं विचारलं तर म्हणालास, माझ्या बॅगेत आहे. विमानात विचारलं, तर घरी गेल्यावर देतो. दुसऱ्या दिवशी डबी आणून दिलीस. दोरा तुटला होता म्हणून नवा घातला, चांदीला पॉलिश करून आणलं. ती म्हणाली, बरं केलंस बाबा.

सकाळी आंघोळ करून तिनं ते लिंग डाव्या तळहातावर घेतलं. लग्नाच्या आधीपासून रोज घेत आलेली बाई ती. "ठेवल्याबरोबर कळलं मला," म्हणाली. "माझ्या अंगठ्याची जागा हाय त्याच्यात, झिजून झालेली. ह्याला न्हाई. हे मला वळखतच न्हाई."

दुकानात काय म्हणालास रे? साधारण साठ-सत्तर वर्षं वापरलेलं दाखवा, असं म्हणालास?

लिंगपूजा झाल्याशिवाय ती अन्न घेत नाही हे तुला ठाऊक आहे. ज्याची गुरूनं दीक्षा दिली नाही त्या दगडाची ती पूजा करणार नाही. तरी तोच दगड गळ्यात घालून फिरते. का? तर तुझं खोटं उघडं पडू नये म्हणून.

उपाय साधा आहे. लिंग हरवलं तर स्वामी शुद्ध करून दुसरं देतात. अप्पांच्या मामाचं मांजरा नदीत पडलं होतं, लगेच दुसरं मिळालं, कुणी त्यांना वाळीत टाकलं नाही. पण स्वामी विचारणार, कसं गेलं? गुरूपुढं खोटं बोलायचं नाही आणि तुझं नावही घ्यायचं नाही, यात ती अडकून बसली आहे. मला गळ्याची शपथ घातली आहे. स्वामींना, नातेवाइकांना, तुझ्या दाजींना सुद्धा सांगायचं नाही.

म्हणून हे तूच करायचं. ये. लातूरला गुरुपाद स्वामींकडं तिला घेऊन जाऊ. तू एवढंच म्हण, माझ्या हातून हरवलं. मग त्याच दिवशी ती जेवेल. मी भाकरी टाकून घेऊन येते सोबत.

अक्का


नांदेड, १८ जानेवारी २०२४

महांतेश,

काय डोकं आहे रे तुझं! खरंच, अप्पा उगीच नव्हते म्हणत पोरगा लांब जाईल.

मला उत्तर नाही. दाजींना मात्र फोन. अव्वाला विसरायचा आजार जडला असेल, अशा माणसांना स्वतःच्याच वस्तू परक्या वाटतात, वस्तू कुणी बदलली असं म्हणत राहतात, त्यांच्याशी वाद घालायचा नाही, मान हलवायची. वर मोबाईलवर कसली तरी माहिती पाठवलीस. दाजी साधा माणूस. दुकान बंद करून आल्यावर चष्मा लावून वाचत बसतात. काल त्यांनी अव्वाला विचारलं, "आत्याबाई, आज वार कोणता?" ती म्हणाली, "बुधवार. अन् तुमचा शर्ट उलटा हाय." खरंच उलटा होता. तरी दाजी माझ्याकडं बघून डोळ्यांनी म्हणाले, बघ, सुरुवात आहे. आणि मला तोंड उघडता येईना.

आईला खुळी ठरवलीस. एका चांदीच्या डबीपायी.

मी तिला घेऊन लातूरला गेले होते. म्हटलं स्वामींपुढं बसली की बोलेल. गुरुपाद स्वामींनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सिद्धम्मा, किती वाळलात! लिंगपूजा होते ना वेळेवर?" ती भिंतीकडं बघत बसली. मी शेजारी, पदर तोंडात धरून. मग म्हणाली, "स्वामी, पोरगं कामात हाय. ते आलं की येते मी." एवढंच. नमस्कार केला आणि उठली.

येताना लोह्याला गाडी थांबली. लोक वडे खात होते. मी म्हटलं, अव्वा, तू बोलत का नाहीस? तो तिकडं मजेत आहे. ती म्हणाली, "मजेत कुठला? खोटं बोलून माणूस मजेत ऱ्हातो का? त्याला बी घास गिळत नसंल."

तुला गिळतो का रे घास? अव्वा रोज संध्याकाळी तुला फोन लावते आणि कानडीत एकच विचारते, "ऊटा आयता?" जेवलास का. तू म्हणतोस, हो हो, झालं. कधी उलटून विचारलंस तिला?

अक्का


नांदेड, २५ फेब्रुवारी २०२४

महांतेश,

विमानतळावर झालेल्या तुमच्या प्रवासी मेळाव्याला मी आले होते. तू बघितलंस मला. तिसऱ्या रांगेत, हिरव्या लुगड्यात. बघून कागद चाळायला लागलास.

पडद्यावर चित्रं छान होती. काचा, झाडं, उजेड. चित्रातली माणसं सगळी तरणी. पण खरी माणसं उठून बोलली तेव्हा तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. अर्धापूरचे व्यंकटराव म्हणाले, "साहेब, काचा कितीबी लावा, पर विमान रोज येऊ द्या. आज हाय, उद्या न्हाई, आम्ही धंदा कसा करावा?" उमरीचे एक म्हातारबा म्हणाले, लेक काचेच्या आड जाती अन् आम्ही झाडाखाली हात हालवीत उभं, सोडणाऱ्यांला बसायला कायतरी करा. बेंगळुरात नोकरी करणाऱ्या पोरीला मोबाईल चार्ज करायला जागा पाहिजे होती. दर्शनाला आलेले एक सरदारजी उठले, म्हणाले, "बेटा, चेकिंग करो, जरूर करो, लेकिन बुजुर्ग को इज्जत से करो." त्यावर टाळ्या पडल्या. तू पण वाजवल्यास.

मग मी हात वर केला. माईक माझ्याकडं आला.

घरून ठरवून निघाले होते. सगळ्यांदेखत विचारणार होते, आईचं लिंग ट्रेमध्ये टाकून पळून जाणाऱ्या माणसाच्या हाती तुम्ही ही इमारत कशी दिलीत? शब्द तोंडात होते. तेवढ्यात तू पाण्याची बाटली उचललीस आणि झाकण न उघडताच तोंडाला लावलीस. लहानपणी पाढे म्हणताना गडबडायचास तसा. मला शपथ आठवली. मी म्हटलं, "हरवलेलं सामान लोकांना दिसेल अशा ठिकाणी ठेवा. काचेचं कपाट करा, येता-जाता दिसू द्या."

तू म्हणालास, "चांगली सूचना आहे, मॅडम. नोंदवून घेतो."

मॅडम! जिच्या कडेवर बसून तू लातूरची गंजगोलाई बघितलीस, तिला मॅडम म्हणालास.

बाहेर आले आणि पायरीवरच बसले. एक गृहस्थ पाणी घेऊन आले. शेषेराव म्हणून आहेत, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसतात. म्हणाले, "बाई, तुमचं काय हरवलंय का?" मी सांगितलं, चांदीची डबी, काळ्या दोऱ्यातली. ते माझ्याकडं बघतच राहिले. आत गेले आणि कापडात बांधलेली पुरचुंडी घेऊन आले.

तिथंच होती रे. तिथंच! "देवाची वस्तू दिसली, म्हणून येगळी ठिवली," म्हणाले. "कुणी न्यायलाच आलं न्हाई." अव्वाचं आधार कार्ड आणि तिकिटाचा कागद माझ्या पिशवीत होताच, दवाखान्यांच्या फायलीत. त्यांनी खात्री करून घेतली, मग लिहायला लावलं. सामान कुणाचं? आईचं. कसं राहिलं? ट्रेमध्ये. कुणाच्या हातून राहिलं? ते मी लिहिलं नाही. शेषेराव म्हणाले, असू द्या.

तू एकदा परत जाऊन त्या खिडकीवर विचारलं असतंस तर! साहेब काय म्हणतील म्हणून तुला दुकान सोपं वाटलं.

घरी आल्यावर अव्वाच्या हातावर ठेवलं. तिचा अंगठा बरोब्बर त्या खोलगट जागी बसला. मी स्वयंपाकघरात पळाले, गरम गरम भाकरी, वांग्याची भाजी, ताट वाढून आणलं. तर तिनं लिंग कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलेलं.

"गळ्यातून उतरलेलं हाय, शिवे. परक्या हातांतून फिरून आलंय. आता स्वामींच्या हातानं शुद्ध होऊनच गळ्यात येणार. अन् स्वामी इचारणार, कुणी उतरवलं?"

ताट मी नेऊन मोरीत ओतलं. ये बाबा. आता तर हरवलं सुद्धा म्हणायचं नाही. मी उतरवलं, एवढंच म्हणायचं आहे. तुझ्या पाया पडते.

अक्का


नांदेड, २९ एप्रिल २०२४

महांतेश,

भूमिपूजनाला येतोय, दुपारी घरी येतो, असं तू स्वतः फोनवर म्हणालास. मी कानानं ऐकलं.

अव्वानं पांढरं लुगडं इस्त्री करून घेतलं. स्वामींना मी जेवायला म्हणून लातूरहून बोलावून घेतलं, अव्वाला आधी कळू दिलं नाही. म्हटलं, तू येशील, स्वामी समोर असतील, घरातल्या घरात मिटेल. पुरण केलं. तुला कटाची आमटी आवडते म्हणून ती केली. देव्हाऱ्यातली पुरचुंडी अव्वानं स्वतः काढून पाटावर ठेवली.

दाजी तुला घ्यायला विमानतळावर गेले होते. मांडवाबाहेर उन्हात उभे होते. तू त्यांना बघून लांबून हात केलास, साहेबांच्या गाडीत बसलास आणि गेलास. मग मेसेज : फ्लाईट लवकरची निघाली, पुढच्या वेळी नक्की.

स्वामी जेवले. अव्वानं उठून स्वतःच्या हातानं त्यांना वाढलं, भिंतीला धरून धरून. ते म्हणाले, सिद्धम्मा, तुम्ही बसा ना. ती म्हणाली, पोरगं येईल, त्याच्यासंग बसते. स्वामी निघाले. ती संध्याकाळपर्यंत दाराकडं तोंड करून बसली. विमान गेलेलं आम्ही आवाजावरून ओळखतो रे, आमच्या घरावरूनच जातं. तिला ऐकू येतं अजून. डोळेही तूच नीट करून दिलेस, त्यामुळं आभाळात दिसलं सुद्धा.

आता मी काही मागत नाही. कळवायचं म्हणून कळवलं.

शिवकन्या


लातूर, ३० ऑगस्ट २०२४

महांतेश,

तू काल बेंगळुरूला परत गेलास. लोक अजून येऊन राहिलेत, चहा-पाण्यातून वेळ काढून लिहिते. तुझ्या तोंडावर बोलले नाही कारण अव्वाला शब्द दिला होता.

शेवटच्या आठवड्यात तिनं हट्ट धरला, लातूरला अप्पांच्या शेजारी न्या. आणली. डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलंच नाही. नळीनं अन्न देऊ म्हणाले, तर तिनं तोंड फिरवलं. दाजींना सगळे सांगत होते, विसरायचा आजार फार वाईट. दाजी मान हलवत होते.

जायच्या आदल्या दिवशी मला जवळ बोलावलं. म्हणाली, "त्यो येईल आता. समाधीत बसवताना स्वामी त्याला इचारतील, आईचं लिंग हेच का? त्यो न्हाई म्हणाला, तर पुरचुंडी त्याच्या हातात दे. त्याच्या हातानं माझ्या हातावर ठिवू दे. हाव म्हणाला, तर तू गप ऱ्हा. चार माणसांत त्याचा शब्द खाली पाडू नको. मग ते माझं लिंग गोदावरीत सोडून दे, कुणाला दाखवू नको."

मी म्हटलं, अव्वा, परका दगड घेऊन जाशील? ती म्हणाली, "लेकराच्या हातचा हाय. मी सांगते तिकडं काय सांगायचं ते."

पुरचुंडी माझ्या कमरेला होती, महांतेश. शेतात सगळे उभे होते. अव्वाला खड्ड्यात बसवली, विभूती लावली, बेलाची पानं वाहिली. स्वामींनी तिच्या गळ्यातली डबी सोडवून तुझ्या हातात दिली, आणि विचारलं. तुझी नजर माझ्याकडं आली. मी कमरेवर हात ठेवला. तुला कळलं. मी सांगते तुला कळलं, कारण तू खाली बघितलंस. तुला मी कितीतरी वेळ दिला. स्वामींनी परत विचारलं.

"हाव," म्हणालास. "हेच."

आणि तो दुकानातला दगड तिच्या डाव्या तळहातावर ठेवलास आणि बोटं मिटवलीस. मी गप्प राहिले. लोक म्हणाले, मुलगा किती रडतोय बघा.

शिवकन्या


नांदेड, ९ फेब्रुवारी २०२५

प्रति,
प्रकल्पप्रमुख,
विमानतळ नूतनीकरण प्रकल्प, बेंगळुरू

विषय : नव्या इमारतीविषयी प्रवाशाचं मत

महोदय,

पहिला टप्पा लोकांसाठी खुला झाला असं वाचलं, म्हणून काल जाऊन बघून आले. छान झालंय. खोटं कशाला बोलू? सोडायला येणाऱ्यांसाठी सावलीत बाकं आहेत. उमरीच्या म्हातारबांचं ऐकलंत. तपासणीपाशी बाजूला आडोसा आहे, आत दोन खुर्च्या आहेत, असं तिथल्या पोरीनं सांगितलं. वर पाटी आहे, गळ्यातील धार्मिक वस्तू काढण्याची सक्ती नाही, मदत मागा. पाटी वाचून मी त्या बाकावर बसले आणि मनसोक्त रडले. एवढी सगळी अक्कल तुला होती तर!

आणि माझं काचेचं कपाट. आत शिरल्याबरोबर समोर, दिव्याखाली. छत्र्या, चष्मे, कुणाच्या तरी लेकराचा एक बूट. शेषेराव खिडकीवर आहेत, नवा शर्ट मिळालाय त्यांना. मला ओळखलं. आई कशी आहे म्हणाले.

अव्वा म्हणाली होती, ते लिंग गोदावरीत सोडून दे. मी घाटावर दोनदा जाऊन आले. पाण्यात उभी राहिले आणि परत आले. तिची एक गोष्ट ऐकली, ती जन्मभर छातीवर राहणार आहे. दुसरी ऐकली नाही. पाप लागायचं असेल तर मला लागो.

पुरचुंडी मी शेषेरावांच्या हातात दिली. ते घाबरले. "बाई, ही तर तुमच्या आईची, तुम्हीच न्हेली होती." म्हटलं, आई गेली. हे आता माझ्या भावाचं. त्याच्याच हातून राहिलं होतं, तो येऊन नेईल. शपथ स्वामींना आणि नातेवाइकांना न सांगायची होती, शेषेरावांना नव्हे.

त्यांनी डबी कापडातून काढून वरच्या कप्प्यात ठेवली आहे. चांदी काळवंडली आहे, पण दिव्याखाली लगेच नजरेला पडते. तू येशील तेव्हा तुला दिसेल. तुझे साहेब सोबत असतील, त्यांनाही दिसेल. नाही नेलीस तर मुदत संपल्यावर इतर सामानाबरोबर तिचीही विल्हेवाट लावतील म्हणाले. मी म्हटलं, लावा. तिच्या मुलाची काही हरकत दिसत नाही.

न्यायची असली तर जास्त काही करावं लागत नाही. ओळखपत्र दाखवायचं आणि तिथं उभ्या उभ्या स्वतःच्या हातानं लिहायचं. सामान कुणाचं, कसं राहिलं, कुणाच्या हातून राहिलं. मी गेल्या वेळी तिसरं कोरं सोडलं होतं. या वेळी तसं चालणार नाही, असं शेषेरावांना सांगून आले आहे.

शिवकन्या मल्लिनाथ